कोळसा गेला, माती कुठे आहे?



हा अंक गोंदियाच्या जिल्हा बैठकीसाठी छापला आहे. गोंदिया म्हणजे धान, तलाव आणि जंगल. कोळशाची एकही खाण या जिल्ह्यात नाही. मग अग्रलेखात खाणीचे काय काम, असे कोणी विचारले तर त्याला तिरोड्याकडे बोट दाखवावे लागेल. तिथे ६६० मेगावॅटचे पाच संच, म्हणजे ३३०० मेगावॅटचा वीज प्रकल्प उभा आहे आणि त्याच्या भट्टीसाठी रेल्वेने कोळसा येतो. तो कोणाच्या तरी गावाखालून, वावराखालून किंवा जंगलाखालून निघालेला असतो. याच प्रकल्पासाठी सुरुवातीला चंद्रपूरजवळचा लोहारा कोळसा पट्टा ठरला होता. तो ताडोबाच्या जंगलाला लागून, म्हणून केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने त्याला परवानगी दिली नाही. झाले ते चांगलेच झाले. पण वाघ असला तर खाण अडते आणि कापूस-ज्वारीचे काळे रान असले तर अडत नाही, हेही त्यातून दिसले. उलट असे रान सपाट, मोकळे आणि घ्यायला सोयीचे समजले जाते.

आपल्या पत्रिकेचे बहुतेक वाचक कोरडवाहू कापूस-ज्वारीवाले आहेत. त्यांतले वणी, राजुरा, भद्रावती, वरोरा, उमरेड या भागातले जे आहेत त्यांना हा विषय समजावून सांगण्याची गरज नाही. उकणी, निलजई, मुंगोली, सास्ती, पौनी ही नावे आता गावांची कमी आणि खाणींची जास्त झाली आहेत. वरोऱ्याला इंग्रज सरकारने १८७०च्या दशकात कोळसा काढायला सुरुवात केली तेव्हा खाण जमिनीच्या पोटात होती. वरचे रान कुठे खचत असे, पण बऱ्याच ठिकाणी तिफण चालत राहिली. उघडी खाण आली आणि हिशेबच बदलला. उघड्या खाणीत आधी रान जाते, मग कोळसा निघतो.

जमिनीचा मोबदला, नोकरी, गावाचे पुनर्वसन यांवर आजवर खूप बोलले गेले, मोर्चे निघाले, काही पदरात पडले, काही राहिले. त्या लढ्यांबद्दल आज लिहायचे नाही. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. कोळसा संपल्यावर त्या जमिनीचे काय? वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे आपली वेकोलि, सांगते की आम्ही लाखांनी झाडे लावतो, डंप हिरवे करतो. हे खोटे नाही. जुन्या डंपांवर झाडी दिसते. सावनेरला तर खाण पाहायला पर्यटकही नेतात. कोल इंडियाची रांचीची सल्लागार कंपनी सीएमपीडीआय उपग्रहाच्या चित्रांवरून किती जागा भरली, किती हिरवी झाली याची मोजणी करते. ज्या खाणीत वर्षाला कोळसा आणि माती मिळून ५० लाख घनमीटरांहून जास्त उचल होते तिची मोजणी दरवर्षी होते, लहान खाणींची तीन वर्षांतून एकदा. वरून हिरवे दिसले की ती जमीन हिशेबात ‘पुनरुद्धारित’ धरली जाते. आमचा वाद या शब्दाशी आहे. आकाशातून हिरवा रंग दिसतो. त्या हिरव्याखाली माती आहे की दगड, तिथे ज्वारीचे एक कणीस भरेल का, गाईला तोंड घालण्यासारखे गवत आहे का, हे उपग्रहाला दिसत नाही आणि विचारायला कोणी गावात येत नाही.

खाण जमिनीचे नेमके काय करते हे समजून घेऊ. आपल्या वावरात वर एक-दोन हात काळी माती, काही ठिकाणी वर्धा नदीच्या गाळाची त्याहून खोल. तिच्याखाली चुनखडी, मुरूम, मग वालुकाश्म, शेल, चिकणमाती यांचे थर आणि त्यांच्या तळाशी कोळसा. एक टन कोळसा काढायला वेकोलिच्या खाणींत साधारण चार-पाच घनमीटर माती-दगड हलवावे लागतात. सुरुंग, शॉव्हेल आणि डंपर हे काम करतात. कोट्यवधी वर्षे अंधारात पडलेला दगड वर येतो आणि हजारो वर्षे हवा-पाणी-मुळे-गांडुळे यांनी तयार केलेली माती त्या दगडात मिसळून जाते किंवा त्याच्याखाली गाडली जाते. या डंपात रेती किती असते पाहा. भानेगावच्या खाणीत वेकोलिने डंपातून बांधकामाची रेती वेगळी करून विकायला काढली. ज्या मालाचा रेतीघाट होऊ शकतो त्याला शेतजमीन म्हणण्याआधी थोडा विचार करायला हवा.

कोणी म्हणेल, चंद्रपुरात पाऊस हजार मिलिमीटरच्या वर, तिथे झाड न जगायला काय झाले? कोरडवाहू शेतकऱ्याला याचे उत्तर ठाऊक आहे. किती पडला हा अर्धाच प्रश्न असतो, किती मुरला आणि किती टिकला हा उरलेला अर्धा. काळी माती पावसाळ्याचे पाणी धरते म्हणून तर दिवाळीनंतर एक थेंब न पडता रब्बी ज्वारी आणि हरभरा निघतो. डंपाच्या मालात चिकण कमी, सेंद्रिय अंश जवळजवळ नाही. वरच्या उतारावरून पाणी धावत जाते, ओघळी पाडते, खालच्या नाल्यात आणि शेजाऱ्याच्या वावरात गाळ नेऊन टाकते. जे मुरते ते दगडांच्या फटींतून खोल निघून जाते. ऑक्टोबर संपला की तो डंप मराठवाड्याच्या माळाहून कोरडा. त्यात एप्रिल-मेचे ४५-४६ अंश आणि कोळशाच्या भुकटीने काळा झालेला पृष्ठभाग. कोवळ्या रोपाचे बुड तापलेल्या तव्यावर ठेवल्यासारखे होते. पाऊस ओल्या मुलखाचा आणि जमीन वाळवंटाची असा हा प्रकार आहे.

तरीही हे काम होऊ शकते, आणि ते आपल्या नागपूरच्या शास्त्रज्ञांनीच करून दाखवले आहे. ‘नीरी’ या संस्थेने सावनेर तालुक्यातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगांवर आणि चंद्रपूरजवळच्या पद्मापूर कोळसा खाणीच्या डंपावर प्रयोग केले. रीत ऐकायला सोपी आहे. उघड्या दगडाला आधी अन्न द्यायचे. गुमगावला साखर कारखान्याची मळी, म्हणजे प्रेसमड, वापरली. पद्मापूरला कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरणातून निघालेला गाळ हेक्टरी ५० टन टाकला. मग रोपांच्या मुळांशी रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टर आणि मायकोरायझा नावाची बुरशी दिली. ही बुरशी मुळांना चिकटून लांबवरचे पाणी आणि स्फुरद ओढून आणते. डंपात हे जीवजंतू जवळपास नव्हतेच, ते नव्याने वसवावे लागले. पद्मापूरच्या प्रयोगाचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. मालाची पाणी धरण्याची ताकद सुधारली, जिवाणू वाढले, आणि क्रोमियम, जस्त, तांबे, शिसे, निकेल, कॅडमियम अशा धातूंचे प्रमाण ३४ ते ४३ टक्क्यांनी खाली आले. गाळातल्या सेंद्रिय पदार्थाने आणि त्याच्या अल्कधर्माने धातू जागच्या जागी बांधले गेले.

हेक्टरी ५० टन या आकड्यावर जरा थांबू. एकरी २० टन. अर्ध्या टनाची बैलगाडी धरली तर एका एकराला ४० गाड्या. कोरडवाहू कपाशीला हेक्टरी ५ टन शेणखताची शिफारस असते आणि तेवढेही आपल्यातल्या किती जणांना जमते ते आपल्यालाच माहीत. म्हणजे मेलेली जमीन उठवायला चांगल्या जमिनीच्या दहापट खत लागते. हा खर्च जो करत नाही आणि नुसता खड्डा खणून रोप टोचून मोकळा होतो, त्याच्या हिरवळीचा अर्थ काय तो ओळखून घ्यावा.

डंपांवर सर्रास लावले जाते काय? सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ, निलगिरी, गुलमोहोर. लवकर वाढणारी, फोटोत लवकर दिसणारी. ऑस्ट्रेलियन बाभळीला गुरे तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाचा खर्च वाचतो; आणि नेमके म्हणूनच गावाला तिचा चाऱ्यासाठी उपयोग नाही. तिचा पाला चिवट, कुजायला वेळ लावणारा, त्यामुळे खाली गवत धड येत नाही. आम्ही झाडांच्या विरोधात नाही. ज्या डंपाचा उतार उभा आहे तिथे नांगर चालवण्याची भाषा करणे वेडेपणाचे आहे. तिथे झाडीच हवी, पण ती करंज, सिरस, खैर, कडूनिंब, आवळा, बांबू अशी हवी, आणि झाडाच्या आधी गवत हवे. मारवेल, पवना, शेडा, कुसळी यांच्या तंतुमुळ्या पहिल्या पावसातच माल धरून ठेवतात. सोबत स्टायलोसारखे द्विदल पेरले तर नत्राची सोय होते आणि चाराही मिळतो. गवताचे बी फेकण्याचा खर्च रोपवनाच्या मानाने किरकोळ. पण गवताची संख्या मोजता येत नाही. ‘इतके लाख गवत लावले’ अशी बातमी होत नाही!

आता मुख्य मुद्द्याकडे. खाणीची जमीन दोन तऱ्हेची असते. एक बाहेरचा डंप, म्हणजे चांगल्या जमिनीवर रचलेला डोंगर. दुसरा आतला भराव, म्हणजे कोळसा काढलेल्या खड्ड्यातच पुढची माती टाकून केलेली सपाटी. पहिल्यावर शेतीची आशा धरू नये. दुसऱ्यावर शेती होऊ शकते, पण एका अटीवर. वरची काळी माती आधी वेगळी काढली पाहिजे, वेगळी ठेवली पाहिजे आणि लवकरात लवकर परत पसरली पाहिजे. पर्यावरण मंजुरीच्या पत्रात ही अट असते. वरची माती वेगळी साठवावी आणि पुनरुद्धारासाठीच वापरावी, असे त्यात लिहिलेले असते. प्रत्यक्षात काय होते ते खाणीशेजारच्या कोणालाही विचारा. माती वेगळी काढायची म्हणजे डंपरची एक फेरी जास्त, आणि कोळशाचे टार्गेट मार्चअखेर गाठायचे असते.

किती माती होते ते पाहा. एका एकरावरची एक फूट माती म्हणजे सुमारे १२३० घनमीटर. दहा घनमीटरचा टिप्पर धरला तर सव्वाशे फेऱ्या. शंभर एकरांच्या साडेबारा हजार. काम मोठे आहे, पण त्याच शंभर एकरांतून दगड-माती किती फेऱ्यांनी निघते त्याच्याशी ताडून पाहिले तर हा आकडा चिल्लर ठरतो.

माती साठवण्यालाही शास्त्र आहे. उंच ढिगात वर्षानुवर्षे पडलेली माती आतून गुदमरते. गांडुळे जातात, बुरशी जाते, गवताचे बी कुजते. ती ढीग करून ठेवण्यापेक्षा एकीकडून काढावी आणि दुसरीकडे तयार भरावावर थेट पसरावी हे उत्तम. ठेवायचीच तर ढीग बुटका असावा आणि त्यावर ताग, ढैंचा किंवा बरू पेरून ठेवावा. काळी माती ओली असताना हलवायची नाही. वापसा नसताना वखर घातला तर काय ढेकळे निघतात ते आपण जाणतो. तिथे तर डंपर आणि डोझर फिरतात. भराव यंत्राखाली दाबून दगडासारखा झाला असेल तर आधी दोन फूट खोल फाडून घ्यावा, मग वर माती पसरावी. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात खाणीच्या जमिनीवर मक्याचे उत्पन्न का घटते याचा शोध घेतला तेव्हा खताच्या कमतरतेपेक्षा जड यंत्रांनी झालेला दाब हे मोठे कारण निघाले, आणि खोल नांगरट हा त्यावरचा उपाय ठरला. भराव पुढे काही वर्षे कमीजास्त खचत राहतो, खळगे पडून पाणी साचते. म्हणून पहिल्या पावसानंतरच ‘झाले’ म्हणून सही करणे चुकीचे.

अमेरिकेचे नाव निघालेच आहे तर तिथला कायदा काय म्हणतो तेही पाहू. १९७७ साली तिथे उघड्या खाणींसाठी कायदा झाला. खाणवाल्याने आधी जामीन रक्कम भरायची. जमीन उत्तम शेतीची असेल तर तिचे थर वेगवेगळे काढून त्याच क्रमाने परत घालायचे, आणि शेजारच्या न खणलेल्या तशाच जमिनीएवढे पीक किमान तीन हंगामांत निघाल्याचे दाखवल्याशिवाय त्या जमिनीची रक्कम सुटत नाही. दुसरे कलम आपल्याला जास्त जवळचे आहे. शेवटच्या पेरणी-लागवडीनंतर पाच वर्षे जमिनीची जबाबदारी खाणवाल्यावर राहते. पण जिथे वर्षाचा सरासरी पाऊस २६ इंच किंवा त्याहून कमी, तिथे ही मुदत दहा वर्षांची. कोरड्या मुलखात जमीन उठायला दुप्पट वेळ लागतो हे तिथल्या कायद्याने मान्य केले. जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यात लिग्नाइटच्या प्रचंड खाणी आहेत. तिथे शेतीला द्यायच्या भरावावर सुपीक पोयट्याचा सुमारे दोन मीटरचा थर घालतात. पहिली तीन वर्षे लसूणघास लावतात, एकूण सात वर्षे खाण कंपनी स्वतः ती जमीन कसते आणि मग शेतकऱ्याच्या हवाली करते. कंपनीने स्वतः कसायची, हा भाग आम्हाला फार आवडला. आपल्या साहेबांनी एक हंगाम डंपावर तूर पेरून पाहावी, निम्मे अहवाल आपोआप बदलतील.

आपल्याकडे काय आहे? मूळ कायदा १९५७चा, कोळसाधारी क्षेत्र अधिग्रहण कायदा. जमीन एकदा केंद्र सरकारकडे आणि तिथून कोल कंपनीकडे गेली की गेली. कोळसा संपल्यावर मूळ मालकाला परत देण्याची तरतूद त्यात नाही. २०१३च्या भूसंपादन कायद्याने मोबदल्याचे आणि पुनर्वसनाचे नियम सुधारले, आणि २०१५पासून ते कोळशाच्या जमिनीलाही लागू झाले. जमीन परतीचा प्रश्न मात्र आहे तिथेच राहिला.

२००९ साली कोळसा मंत्रालयाने खाण बंद करण्याच्या आराखड्याचे नियम केले. उघड्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये या दराने एस्क्रो खात्यात पैसे भरायचे, दर महागाईप्रमाणे वाढत जाणार. २०२०मध्ये हा दर ९ लाख झाला, म्हणजे एकरी ३ लाख ६० हजार. या पैशातून खड्ड्याचे कुंपण, यंत्रे काढणे, पाणी, डंपाचे उतार, झाडे, सगळेच भागवायचे. टप्प्याटप्प्याने काम केले की दर पाच वर्षांनी, तपासणीनंतर, २०१३च्या नियमांप्रमाणे जमा रकमेच्या ८० टक्क्यांपर्यंत परत मिळण्याची सोय ठेवली. आमचा सवाल या तपासणीला आहे. तीत काय पाहतात? आराखड्यात लिहिलेले काम झाले की नाही. आराखड्यात ‘वृक्षलागवड’ लिहिली असेल तर झाडे पाहतात. तिथे ‘ज्वारीचे शेजाऱ्याएवढे उत्पन्न’ असे लिहिलेच नसेल तर ते कोण पाहणार?

८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘कॉमन कॉज’ प्रकरणात एक आदेश दिला. नागपूरचे शरद बोबडे तेव्हा सरन्यायाधीश होते. खाणकाम संपल्यावर खाणवाल्याने त्या जमिनीवर पुन्हा गवत वाढवावे आणि ती चारा, वनस्पती, प्राणी यांच्या योग्य करावी, अशी अट सरकारने घालावी, असा तो आदेश. त्याच महिन्यात पर्यावरण मंत्रालयाने ही अट मंजुरीच्या पत्रांत घालण्याचे ठरवले. चारा हा शब्द देशाच्या सर्वात वरच्या न्यायालयाने वापरला आहे. ज्या गावांची ई-क्लास जमीन आणि गायरान खाणीत गेले, ज्यांची ढोरे आज डांबरी सडकेच्या कडेला चरतात, त्यांच्या हातात याहून मोठा कागद नाही. तो किती ग्रामपंचायतींनी वापरला?

आणि एप्रिल २०२२मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने काय केले तेही लक्षात असू द्या. कोळसा संपलेली किंवा कोळशाला निकामी ठरलेली अधिग्रहित जमीन मालकी कंपनीकडेच ठेवून भाड्याने देण्याचे धोरण मंजूर झाले. वॉशरी, कोळसा हाताळणीचे कारखाने, रेल्वे सायडिंग, औष्णिक आणि सौर वीज, कोळशापासून वायू आणि रसायने, पर्यायी वनीकरण, प्रकल्पग्रस्तांचे पुनर्वसन, अशी त्यात कामांची यादी आहे. यादी लांब आहे. मूळ शेतकऱ्याला ती जमीन कसायला भाड्याने द्यावी, हे काम मात्र त्यात नाही. आमचे सौर विजेशी भांडण नाही. पण सौर पट्ट्यांना माती लागत नाही, दगडही चालतो. उद्या भराव जमिनीचा गिऱ्हाईक सौर कंपनीच असणार असेल तर वरची माती जपण्यात कोणालाच रस उरणार नाही. आज माती वाचवण्याची अट ढिली पडली तर वीस वर्षांनी मागायला काही राहणार नाही.

यावर आपल्यातलाच एक आक्षेप येतो, तो टाळून चालणार नाही. ज्याला मोबदला मिळाला, पोराला नोकरी लागली, तो म्हणतो, आता ती गोटाळी जमीन कोणाला पाहिजे? कापसाला भाव नाही, ज्वारी पाखरे खातात, डुकरे नासवतात. गेली पीडा. त्याचे म्हणणे त्याच्यापुरते खरे आहे आणि शेती तोट्यात ठेवणाऱ्या धोरणाचाच तो निकाल आहे. पण नोकरी सातबाऱ्यावाल्याला मिळाली. त्याच्या वावरात निंदायला, कापूस वेचायला जाणाऱ्या बायांना मिळाली नाही, बटईने करणाऱ्याला मिळाली नाही, चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्याला तर काहीच नाही. त्यांच्यासाठी उरलेले गाव हेच गाव. शिवाय नोकरी एका पिढीची, आणि कोळशाचा साठा आज ना उद्या संपणारच.

मग करायचे काय? ज्या गावांची जमीन अजून गेलेली नाही, फक्त कलम ४ची अधिसूचना निघाली आहे, त्यांना सर्वात जास्त करता येण्यासारखे आहे. कलम ७ निघाल्यावर हरकत घ्यायला ३० दिवस मिळतात. ते सगळे मोबदल्याच्या अर्जात घालवू नका. हरकतीत मातीचा मुद्दा लिहा. त्यासाठी पुरावा आधी तयार ठेवावा लागतो. कृषी महाविद्यालयात पहिल्याच वर्षी मातीचा उभा छेद घ्यायला शिकवतात, ते आपण घरी करू शकतो. वावरात पाच फूट खोल, माणूस उतरेल असा खड्डा खणा. एक बाजू फावड्याने तासून साफ करा. काळी किती फूट, चुनखडी कुठे लागते, मुरूम कुठे, हे टेपने मोजून लिहा, टेप लावलेलाच फोटो घ्या. प्रत्येक फुटावरचा अर्धा किलो नमुना जिल्ह्याच्या माती तपासणी प्रयोगशाळेत द्या. जमिनींचे सर्वेक्षण करणारी राष्ट्रीय संस्था नागपुरातच आहे, तिचे नकाशे मागवा. सोबत तीन वर्षांचा पीकपेरा, कापसाच्या काटापावत्या, ज्वारीचे पोते आणि कडब्याच्या पेंढ्या यांचा हिशेब. ही जमीन किती पिकत होती हे कागदावर नसेल तर ती पुन्हा तेवढी पिकते की नाही हे मोजणार कशाशी?

ज्यांची जमीन गेली आणि खाण चालू आहे, त्यांनी पर्यावरण मंजुरीचे पत्र, खाण बंद आराखडा आणि दर सहा महिन्यांचा अनुपालन अहवाल माहिती अधिकारात मागवावा. वरची माती किती घनमीटर काढली, कुठे ठेवली, कुठे पसरली, एवढे तीनच प्रश्न विचारा. वर हिशेब दिलाच आहे, एकराला फुटामागे १२३० घनमीटर. गुणाकार करा आणि अहवालातल्या आकड्याशी ताडून पाहा. जुने भराव आहेत तिथे मागणी सोपी ठेवावी. गावालगतचे दहा-वीस एकर सपाट क्षेत्र निवडावे, कंपनीने माती आणि खत घालावे, दोन-तीन वर्षे ताग, स्टायलो, मारवेल घ्यावे, मग ज्वारी-तूर पेरून शेजारच्या वावराशी तुलना करावी. त्या चाऱ्यात आणि दाण्यात धातू किती उतरतात याची तपासणी ‘नीरी’कडून व्हावी, ती झाल्याशिवाय तो चारा ढोरांना घालू नये. उत्पन्न जमले तर ती जमीन मूळ खातेदारांच्या किंवा गावातल्या भूमिहीन बायांच्या गटाला कसायला द्यावी. मालकीचा वाद चालेल तेव्हा चालेल.

गोंदियाच्या मंडळींसाठी दोन शब्द. औष्णिक प्रकल्पाची सगळी राख वापरात आणावी, असे बंधन केंद्राने ३१ डिसेंबर २०२१च्या अधिसूचनेने घातले आहे. ती राख खाणीच्या खड्ड्यात भरणे हा त्यातला एक मार्ग. म्हणजे कोळसा जातो त्याच वाटेने राख परत येऊ शकते. खड्ड्याच्या तळाशी पाणी असते आणि राखेतले बोरॉन, आर्सेनिक, सेलेनियम पाण्यात उतरू शकतात. त्यामुळे आजूबाजूच्या विहिरींचे पाणी आधी आणि नंतर तपासल्याशिवाय कोणत्याही ग्रामसभेने यावर मान डोलावू नये. दुसरे असे, की मेलेल्या जमिनीला जो सेंद्रिय माल हवा तो या जिल्ह्यात ढिगांनी आहे. गिरण्यांचा तूस, धानाची तणस, तलावांचा गाळ. तणस शेतात जाळली जाते, गाळ तलावात बसून राहतो. तिरोड्यात कोळसा उतरवून रिकामी जाणारी वाघीण हा माल घेऊन जाऊ शकते का, याचा हिशेब रेल्वेकडे मागायला हरकत नाही. कापूसवाल्यांकडे पऱ्हाटी आहे. ती धुऱ्यावर पेटवण्याऐवजी तुकडे करून उतारावर अंथरली तर ओघळी थांबतात.

बैठकीत दुपारच्या सत्रात हा विषय घेतला आहे. खाणपट्ट्यातल्या गावांनी येताना कलम ४, ७ किंवा ९च्या अधिसूचनेची प्रत, ग्रामसभेचे आजवरचे ठराव आणि माहिती अधिकारात मिळालेली कागदपत्रे आणावीत. ज्यांना जमेल त्यांनी दोन पिशव्यांत माती आणावी, एका पिशवीत आपल्या वावराची आणि दुसरीत जवळच्या डंपाची. दोन्ही पेल्यात पाणी ओतून किती वेळात गळते ते सगळ्यांसमोर पाहू.